विश्लेषण : विधि महाविद्यालय निवडताना नेमके काय पाहावे?

बारावीनंतर वकिलीकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दोन परीक्षा, दोन वेळापत्रके आणि शुल्कातील मोठी तफावत असते. सोलापूर जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीने २०२५ मध्ये ही निवड कशी केली, त्याचा आढावा.

पेच काय होता?

ही विद्यार्थिनी शेतकरी कुटुंबातील. घरात कोणी वकील नाही, मात्र बांधाच्या वादापायी वडिलांच्या तालुका न्यायालयातील तारखा ती लहानपणापासून पाहत आलेली. तिने ‘क्लॅट’ आणि राज्याची विधि सीईटी या दोन्ही परीक्षा दिल्या. क्लॅटमधून मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधि विद्यापीठांत तिचा क्रमांक लागला नाही. दूरच्या राज्यातील एका नव्या विद्यापीठात जागा मिळाली. वसतिगृहासह वर्षाचा खर्च काही लाखांत होता आणि जागा पक्की करायची तर ठरावीक मुदतीत पैसे भरायचे होते. राज्याची निवड यादी मात्र अजून लांब होती. वडील जमीन तारण ठेवून कर्ज काढायला तयार होते. ‘राष्ट्रीय’ हा शब्द सोडवत नव्हता.

दोन परीक्षांत फरक काय?

क्लॅट इंग्रजीतून होते. दोन तासांत १२० प्रश्न, तेही उताऱ्यांवर आधारित. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. विधि सीईटी इंग्रजीबरोबर मराठीतूनही देता येते आणि तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. सीईटीच्या गुणांवर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून राज्यातील शासकीय, अनुदानित व खासगी महाविद्यालयांत प्रवेश मिळतो.

पदवीचे मूल्य सारखेच असते का?

सनदेपुरते होय. अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार भारतीय वकील परिषदेची मान्यता असलेल्या कोणत्याही महाविद्यालयाची पदवी नोंदणीसाठी चालते आणि अखिल भारतीय परीक्षा सर्वांना सारखीच. फरक पडतो तो नोकरीच्या संधींत. मोठ्या विधि संस्था उमेदवार निवडण्यासाठी प्रामुख्याने नावाजलेल्या राष्ट्रीय विधि विद्यापीठांत जातात. त्यामुळे कंपन्यांच्या कामाकडे जायचे असेल, तर नावाचा उपयोग होतो. मात्र तो सर्वच राष्ट्रीय विद्यापीठांत सारखा मिळत नाही.

या विद्यार्थिनीला न्यायाधीश व्हायचे होते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. म्हणजे पदवीनंतर आधी वकिली करणे आले. महाराष्ट्रात ती तालुका-जिल्हा न्यायालयांत करायची, तर मराठीतील कामकाज यायला हवे. दूरच्या राज्यात पाच वर्षे काढून ते कुठे शिकणार, हा प्रश्न तिला पडला.

शुल्काचे गणित कसे बदलले?

राज्य सरकारने २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत दिली आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असावे आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा, या मुख्य अटी आहेत. ही विद्यार्थिनी इतर मागास प्रवर्गातील. राज्यातच प्रवेश मिळाला, तर राहण्या-जेवणाचाच खर्च उरणार होता.

महाविद्यालयात जाऊन काय पाहिले?

मुदत संपण्याआधी ती आणि तिचे वडील पुण्यात दोन महाविद्यालये पाहून आले. पहिल्याची इमारत चकचकीत होती, पण दुपारी वर्ग ओस. नियमाने प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते, असे असूनही ‘इथे यावे लागत नाही,’ असे एका विद्यार्थ्याने कौतुकाने सांगितले. दुसरे महाविद्यालय जुने होते. तिथे ग्रंथालयात बसायला जागा नव्हती आणि अभिरूप न्यायालयाची तयारी सुरू होती. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो. तो कुठे मिळतो, हे तिने वरच्या वर्गातील मुलींना विचारले. दोघींनी शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातील वकिलांकडे काम केल्याचे सांगितले. वकील परिषदेची मान्यता चालू वर्षासाठी आहे ना, याचीही तिने कार्यालयात खात्री करून घेतली.

निर्णय काय झाला?

तिने क्लॅटमधून मिळालेली जागा सोडली. पुढचे काही आठवडे हातात काहीच नव्हते. पहिल्या यादीत नाव न आल्याने घरात अबोला होता. दुसऱ्या यादीत ते जुने महाविद्यालय मिळाले. कर्ज काढावे लागले नाही.

हाच निर्णय सर्वांसाठी योग्य ठरेल असे नाही. कंपनी कायद्यात रस असलेल्या किंवा शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याने तीच जागा घेणे शहाणपणाचे ठरले असते. पुढे काम कोणते करायचे, कुठे करायचे आणि कर्ज किती पेलवेल, हे आधी ठरले की महाविद्यालयांची यादी आपोआप लहान होते.

पहिल्या वर्षाच्या सुट्टीत ती गावाकडच्या तालुका न्यायालयातील एका वकिलांकडे चार आठवडे जात होती. वडिलांच्या दाव्यातील कैफियत तिने त्याच सुट्टीत घरी मोठ्याने वाचून दाखवली. आपल्या दाव्यात नेमके काय लिहिले आहे, हे वडिलांना तेव्हा पहिल्यांदा समजले.