पिठीसाखरेची परीक्षा

मधमाश्यांवर मी तरुणपणी कविता लिहिल्या. पण मधपेटीत प्रत्यक्ष डोकावलो ते पन्नाशीत, मामूंच्या शेतावर. त्यांच्याकडे मेलिफेरा, म्हणजे मूळ युरोपकडच्या माश्यांच्या दहा पेट्या होत्या. चौकट उचलून ते म्हणाले, "बघ बेटा, कीड दिसते का कुठं?" मलाही दिसली नाही. पुढच्या हंगामापर्यंत सहा पेट्या रिकाम्या झाल्या.

व्हरोआ हा गोचिडीच्या गोतातला परजीवी. रंग तांबूस, रुंदी जेमतेम दीड मिलिमीटर. तो माशीच्या पोटावरच्या खवल्यांखाली दडतो आणि त्याची वीण होते मेणाने बंद केलेल्या घरांत, वाढत्या कोषावर. १९०४ साली त्याची पहिली नोंद झाली ती जावा बेटावर, आपल्या सातेरीच्याच जातीच्या माशीवर. सातेरीत तो मुख्यतः नरांच्या घरांतच वाढतो, म्हणून तिचं निभावतं. मेलिफेरात तो कामकरी माश्यांच्या घरांतही पोसतो. चुरगळल्या पंखांच्या माश्या पेटीपुढे सरपटू लागतात, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

मग ओळखायचं कसं? बघून नव्हे, मोजून. अळ्या असलेल्या चौकटीवरच्या अर्धा कप माश्या बरणीत घ्यायच्या. त्या साधारण तीनशे भरतात. राणी त्यांत नाही ना, हे आधी दोनदा पाहायचं! बरणीच्या तोंडाला माशी अडेल पण साखर गळेल अशी जाळी लावायची. दोन चमचे कोरडी पिठीसाखर घालून बरणी हलकेच फिरवायची, दोनेक मिनिटं थांबायचं आणि पांढऱ्या ताटलीत झटकायची. साखरेच्या भुकटीने व्हरोआची पकड सुटते. ताटलीत थोडं पाणी घातलं की साखर विरघळते, तांबूस ठिपके उरतात. पावसाळी हवेत साखरेचे गोळे होतात, त्या दिवशीची मोजणी धरू नये.

ठिपक्यांना तीनने भागलं की शंभर माश्यांमागचा आकडा मिळतो. तो तीनच्या आसपास गेला की जाणकाराला विचारून उपचार करावा. बंद घरांतले व्हरोआ या हिशेबात येतच नाहीत, हे विसरू नये. माश्या मात्र मरत नाहीत. साखर माखलेल्या परत पेटीत जातात आणि एकमेकींना चाटून साफ करतात.

मामू आता दर महिन्याला बरणी काढतात. गेल्या खेपेला एका पेटीत बारा ठिपके निघाले. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा मोजले. बाराच होते.