गाडी हलण्याआधीची पाच मिनिटं

वसईच्या अंबाडी रोडवरून गाडी काढताना चालकाला नजर हलवायला फुरसत मिळत नाही. कडेला लावलेली वाहनं, मधूनच वळणाऱ्या रिक्षा, लोकल गाठायला घाईघाईने रस्ता ओलांडणारी माणसं, डावीकडून घुसणाऱ्या दुचाक्या. अशा रस्त्यावर एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने फोनवर पत्ता टाइप करणारा चालक दिसला की काळजात धस्स होतं. आणि पुष्कळदा त्याच गाडीच्या डॅशबोर्डवर सात-आठ इंचांची चांगली स्क्रीन असते, फक्त तिच्यावर रेडिओ लागलेला असतो. गाडीची डिलिव्हरी घेताना हार, पेढे आणि फोटोंच्या गडबडीत ही स्क्रीन फोनशी कशी जोडायची हे कुणी धड सांगितलेलं नसतं. नंतर विचारायचं राहून जातं, आणि फोन मांडीवरच राहतो.

तेव्हा आधी ही यंत्रणा काय करते ते पाहू. अँड्रॉइड फोनसाठी तिचं नाव अँड्रॉइड ऑटो, आयफोनसाठी अ‍ॅपल कारप्ले. दोन्हींत गाडी फार थोडं काम करते. नकाशा काढणं, गाणं वाजवणं, तुमचं बोलणं समजून घेणं हे सगळं फोनच्या आत चालतं. फोन त्याचं चित्र सतत गाडीच्या स्क्रीनकडे पाठवत राहतो, आणि तुम्ही स्क्रीनवर बोट ठेवलंत की त्या स्पर्शाची खबर उलट फोनकडे जाते. एवढी गोष्ट डोक्यात बसली की निम्म्या तक्रारींचं मूळ सापडतं. नकाशा जुना वाटतो? मग फोनमधलं अ‍ॅप अपडेट करायचं. मार्ग शोधायला वेळ लागतो? फोनची रेंज आणि फोनमधली शिल्लक जागा पाहायची. इंटरनेटही फोनच्याच पॅकमधून खर्च होतं.

अ‍ॅपलने कारप्ले मार्च २०१४ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात लोकांपुढे आणलं. गूगलने त्याच वर्षी जूनमध्ये अँड्रॉइड ऑटो जाहीर केलं आणि २०१५ मध्ये ते गाड्यांत आलं. आपल्याकडे सुरुवातीला ही महागड्या गाड्यांची चैन होती. जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या नव्या वॅगन आरच्या काही प्रकारांत सात इंची स्क्रीनवर या दोन्ही सोयी मिळाल्या, आणि मध्यमवर्गीय कुटुंबाच्या पहिल्या गाडीपर्यंत हे तंत्र पोचलं.

आता जोडणी. पहिल्यांदा जोडताना घाई करू नका. गाडी सोसायटीच्या आवारात किंवा मोकळ्या जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन सुरू ठेवा आणि फोनचं लॉक उघडा. केबलने जोडणार असाल तर आधी योग्य यूएसबी पोर्ट शोधा. गाडीत दोन-तीन पोर्ट असले तरी स्क्रीनशी बोलणारा बहुधा एकच असतो, बाकीचे फक्त चार्जिंगचे. त्या पोर्टवर फोनचं किंवा यूएसबीचं चिन्ह असतं. नसेल तर गाडीच्या पुस्तिकेत सापडतं.

अँड्रॉइड १० पासून अँड्रॉइड ऑटो फोनमध्ये आधीच बसवलेलं असतं. त्याचं वेगळं चिन्ह दिसत नाही, म्हणून लोक प्ले स्टोअरमध्ये शोधत बसतात. ते सेटिंग्जमध्ये जोडलेल्या उपकरणांच्या यादीत असतं; सापडलं नाही तर सेटिंग्जच्या शोधचौकटीत नाव टाइप करा. केबल लावल्यावर फोन एकामागून एक परवानग्या मागतो: संपर्क, लोकेशन, मायक्रोफोन, नोटिफिकेशन. इथे पुष्कळजण वैतागून ‘नको’वर बोट ठेवतात आणि मग फोन लागत नाही, नकाशा हलत नाही म्हणून गाडीला दोष देतात. परवानग्या वाचा आणि ज्या सोयी हव्यात त्यांच्या द्या. आयफोनवाल्यांनी एक लक्षात ठेवावं: सिरी बंद असेल तर कारप्ले सुरूच होत नाही. मुलांसाठी स्क्रीन टाइमची बंधनं लावून ठेवली असतील, तर कारप्ले त्यात अडकलेलं नाही ना, हेही पाहा.

वायरशिवाय जोडताना काम दोन टप्प्यांत होतं. आधी ब्लूटूथवरून गाडी आणि फोन एकमेकांना ओळखतात. दोन्हीकडे एकच आकडा दिसतो, तो जुळला की होकार द्यायचा. मग चित्र आणि आवाजाची सगळी वाहतूक वायफायवरून सुरू होते. त्यामुळे फोनचं ब्लूटूथ आणि वायफाय दोन्ही चालू हवीत. ‘गाडीत कशाला वायफाय?’ म्हणून ते बंद ठेवणारे या टप्प्यावर अडतात. अँड्रॉइडमध्ये यासाठी सर्वसाधारणपणे अँड्रॉइड ११ किंवा त्यापुढचा फोन लागतो. सगळ्या गाड्यांत ही वायरलेस सोय नसते, हेही ध्यानात असू द्या.

वारंवार जोडणी तुटते ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार, आणि तिथे दोषी बहुतेक वेळा केबल असते. यूएसबी केबलमध्ये वीज नेणाऱ्या तारा वेगळ्या आणि माहिती नेणाऱ्या वेगळ्या. स्टेशनबाहेर मिळणाऱ्या स्वस्त केबलींपैकी काहींत माहितीच्या तारा नसतातच. फोन चार्ज होतो, स्क्रीनवर काही उमटत नाही. गूगलचा सल्ला आहे की केबल चांगल्या दर्जाची आणि एक मीटरच्या आतली असावी, मध्ये जोड किंवा हब नसावा. फोनच्या खोबणीत साठलेला कापसासारखा मळही संपर्क तोडतो. तो लाकडी टूथपिकने हलकेच काढता येतो. वायरलेस जोडणी तुटत असेल तर फोनची बॅटरी वाचवण्याची सेटिंग तपासा, कारण काही फोन मागे चालणारी अ‍ॅप्स आपणहून बंद करतात. तरीही जमलं नाही, तर गाडीतून फोन आणि फोनमधून गाडी अशी दोन्हीकडची नोंद पुसून पुन्हा पहिल्यापासून जोडा. एकाच बाजूची नोंद पुसून भागत नाही.

माझं मत विचाराल तर माणिकपूर ते वसई गाव अशा फेरीला वायरलेस ठीक आहे. अहमदाबाद महामार्गावर लांब जायचं असेल तर केबलच लावावी. वायरलेसमध्ये बॅटरी झपाट्याने उतरते, फोन तापतो, आणि मे महिन्याच्या उन्हात काचेजवळ ठेवलेला फोन आधीच पोळलेला असतो.

जोडणी झाली म्हणजे धोका टळला, असं मात्र मुळीच नाही, आणि मला सांगायचंय ते मुख्यतः हेच. ब्रिटनमधल्या आयएएम रोडस्मार्ट या रस्तासुरक्षा संस्थेसाठी टीआरएल या संशोधन संस्थेने सिम्युलेटरवर चालकांची परीक्षा घेतली. निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. स्क्रीनला बोट लावून वापरताना चालकाचा प्रतिसाद अँड्रॉइड ऑटोवर ५३ टक्के, तर कारप्लेवर ५७ टक्के मंदावला. फोन हातात धरून बोलण्याचा आकडा ४६ टक्के होता, आणि तिथल्या कायद्याच्या मर्यादेइतकी दारू घेतलेल्याचा १२. तोंडी आज्ञा दिली तेव्हाही प्रतिसाद अनुक्रमे ३० आणि ३६ टक्के मंद झाला. म्हणजे गाडीतली मोठी, सुबक स्क्रीन धावत्या गाडीत चाळत बसणं हे हातातल्या फोनपेक्षाही वाईट ठरू शकतं. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. गाणं शोधायला दोन सेकंद नजर खाली गेली, तर २२ मीटर रस्ता न बघता कापला गेला. माणिकपुरात २२ मीटरांत काय काय आडवं येऊ शकतं, ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

कायद्याची भूमिकाही याच दिशेची आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये वाहन चालवताना हातात धरलेलं संपर्क उपकरण वापरणं धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांनी फक्त मार्ग पाहण्यासाठी, आणि तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, फोन वापरायची मुभा दिली.

म्हणून निघण्याआधीच सगळं उरकावं. पत्ता टाकून मार्ग पूर्ण पाहून घ्या, गाणी लावा, आवाज बेताचा करा. गाडी चालू लागली की अनेक गाड्यांत स्क्रीनवरचा कीबोर्ड बंद होतो. ते बंधन आपल्या जिवासाठी आहे, त्यातून पळवाट शोधू नका. वाटेत पत्ता बदलावा लागला तर शेजारी बसलेल्याला सांगा, एकटे असाल तर कडेला थांबा. व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप यंत्रणा वाचून दाखवते, पण रोमन लिपीत लिहिलेलं मराठी ती अडखळत, भलतंच वाचते. ते कळेना म्हणून माणूस फोन उचलतो. शिवाय घरगुती निरोप मागे बसलेल्या पाहुण्यांनाही ऐकू जातात. प्रवासात ही सोय बंद ठेवलेलीच बरी. गूगल असिस्टंटला २०१८ पासून मराठी येतं, तरी गाडीत मराठी आज्ञांवर विसंबण्याआधी उभ्या गाडीत बोलून खात्री करा.

आता आपल्या भागापुरतं थोडं. नुसतं ‘माणिकपूर’ म्हटलंत तर नकाशा उत्तर प्रदेशातल्या चित्रकूट जिल्ह्याचं माणिकपूरही पुढे करू शकतो, आणि ‘नायगाव’ म्हटलं की दादरचं. नावापुढे वसई जोडायची सवय लावा. आपल्याकडे एकाच नावाच्या इमारती ढिगाने आहेत, त्यामुळे सोसायटीच्या नावापेक्षा सेंट मायकल चर्चसारखी ठळक खूण शोधणं जास्त खात्रीचं. गिरिज, भुईगाव, निर्मळ, वाघोलीकडे लग्नाला निघालात तर यजमानांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन मागवा आणि ते फोनवर उघडून मगच गाडी सुरू करा. त्या बाजूला वाड्यांमधून जाणाऱ्या गल्ल्या अरुंद आहेत. नकाशाला दोन मिनिटं वाचवणारा जवळचा रस्ता दिसतो, पण समोरून टेम्पो आला तर मागे घ्यायलाही जागा नसते. अशा वेळी मुख्य रस्ताच धरावा.

वसई किल्ल्याच्या जेट्टीवरून फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदरची रो-रो सेवा सुरू झाली. रस्त्याने घोडबंदरमार्गे सुमारे ३८ किलोमीटरचा वळसा पडतो, तो तिने वाचतो. गूगल मॅप्सच्या मार्गाच्या पर्यायांत ‘फेरी टाळा’ अशी निवड असते. भाईंदरला निघताना ती कशी लावली आहे ते बघा, कारण त्यावर तुम्हाला दिसणारा मार्ग ठरतो. बोटीची वेळ मात्र नकाशावर अवलंबून न राहता वेगळी विचारून घ्या.

आणि पावसाळा. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात गेलं, लोकल बंद पडल्या, मिठागरातली माणसं अडकली, हे आपण पाहिलंय. नकाशा रहदारी ओळखतो ती रस्त्यावरच्या फोनच्या हालचालीवरून. ज्या रस्त्यावर पाणी भरल्याने एकही गाडी नाही, तो नकाशावर रिकामा आणि वेगवान दिसू शकतो. दिवाणमान आणि आसपासच्या सखल भागात मुसळधार पाऊस असताना निळ्या रेषेपेक्षा समोरून परतणाऱ्या रिक्षावाल्याचं ऐका. महामार्गावर रेंज जाते त्यासाठी घरच्या वायफायवर त्या पट्ट्याचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवावा. त्यात रहदारी दिसत नाही, पण वाट चुकत नाही.

जुन्या गाडीत बाहेरून स्क्रीन बसवायची असेल तर एक घोटाळा टाळा. दुकानात ‘अँड्रॉइड स्टिरिओ’ म्हणून जे मिळतं तो स्वतःच एक टॅबलेट असतो. त्यात अँड्रॉइड ऑटो असेलच असं नाही, आणि बिलाच्या वेळी ही दोन्ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. पैसे देण्याआधी स्वतःचा फोन तिथेच जोडून दाखवायला सांगा. गाडीच्या मूळ तारा न कापता कपलरने बसवून घ्या. तारा कापल्या तर पुढे वॉरंटीचा दावा अडू शकतो. हँडब्रेकची तार मुद्दाम चुकीची जोडून चालत्या गाडीत व्हिडिओ दाखवण्याची ‘सोय’ कुणी देऊ केली, तर स्पष्ट नकार द्या.

गाडी विकताना लोक कागदपत्रं नीट तपासतात आणि स्क्रीन विसरतात. ब्लूटूथने जोडलेल्या फोनचे संपर्क आणि कॉलची यादी अनेक गाड्या स्वतःकडे साठवतात. काहींत घराचा पत्ताही असतो. एमएच-४८ ची गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याआधी सेटिंग्जमधून जोडलेले सगळे फोन काढा आणि फॅक्टरी रीसेट करा. जुनी गाडी घेणाऱ्यानेही पहिल्याच दिवशी हेच करावं.

घरात गाडी असेल तर संध्याकाळी ती पार्किंगमध्येच उभी ठेवून घरातल्या प्रत्येक चालकाचा फोन जोडून पाहा, घर आणि कामाचे पत्ते साठवा, बाबांना किंवा आईला एकदा स्वतःच्या हाताने करू द्या. त्यानंतर गाडी रस्त्यावर असताना स्क्रीनला हात लावायचा नाही, एवढा नियम घरात सगळ्यांनी पाळा.