बोलण्याचा ताल मोजताना

स्पॅनिश माणूस बोलतो ते मशीनगनसारखं आणि इंग्रज बोलतो ते मोर्सच्या कडकट्टसारखं, असं ध्वनिशास्त्रज्ञ आर्थर लॉइड जेम्स यांनी १९४० मध्ये लिहिलं. एडिंबरोच्या डेव्हिड ॲबरक्रॉम्बींनी १९६७ मध्ये त्याचा नियमच केला. इंग्रजी, रशियन, अरबी या भाषांत एका आघातापासून पुढच्या आघातापर्यंत सारखाच वेळ. फ्रेंच, तेलुगू, योरुबा यांत प्रत्येक अक्षराला सारखाच वेळ. जगातली प्रत्येक भाषा या दोहोंपैकी एका गटात.

पीटर रोच यांनी १९८२ मध्ये याच सहा भाषा मोजल्या आणि नियम कोसळला. आघातांमधली अंतरं इंग्रजीतही समान निघाली नाहीत.

मग कान खोटं सांगत होता का? तसंही नाही. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या नवजात बाळांना शब्द कळणार नाहीत इतपत गाळलेला आवाज ऐकवला, तेव्हा इंग्रजी आणि जपानी त्यांना वेगळ्या वाटल्या. इंग्रजी आणि डच मात्र नाहीत. फरक आहे, शोधण्याची जागा चुकली होती.

फ्रँक राम्यूस, मरीना नेस्पोर आणि जॅक मेलर यांनी १९९९ मध्ये समान वेळेचा नाद सोडला आणि बोलण्याचा किती वाटा स्वरांनी व्यापलाय ते पाहिलं. जपानीत सुमारे ५३ टक्के, इटालियनमध्ये ४५, इंग्रजीत ४०. इंग्रजीत व्यंजनांचे जोड फार आणि आघात नसलेले स्वर चेपले जातात, त्यामुळे आकडा उतरतो. एस्थर ग्राबे आणि ई लिंग लो यांनी शेजारशेजारचे स्वर ताडून पाहिले. एक स्वर ६० मिलिसेकंद, पुढचा १२०. फरक ६०, सरासरी ९०. भागाकार करून शंभराने गुणा, आले ६७. अशा सगळ्या जोड्यांची सरासरी काढायची. २००२ मधल्या त्यांच्या तक्त्यात इंग्रजी ५७ च्या आसपास, स्पॅनिश ३० च्या. पण प्रत्येक भाषेचा बोलणारा एकच!

शिवाय स्वर कुठे संपतो हे आधी ठरवावं लागतं. आवाजाचं चित्र दाखवणाऱ्या ‘प्राट’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘माझा मामा’चं ध्वनिमुद्रण उघडा: ‘म’ची सीमा चटकन दिसते. ‘गाय’ उघडा. ‘आ’ कुठे संपला आणि ‘य’ कुठे सुरू झाला? चित्रात दोन्ही एकमेकांत विरघळलेले असतात. रेघ माणूसच ओढतो. दुसरा माणूस थोडी सरकवून ओढतो.

वाक्याचा प्रश्न त्याहून मोठा. ‘माझा मामा गावाला गेला’ म्हणा, मग ‘विश्वस्तांच्या वक्तव्यावर प्रश्नचिन्ह’ म्हणा. दोन्ही अस्सल मराठीच, पण पहिल्यात स्वरांचं राज्य, दुसऱ्यात व्यंजनांची गर्दी. अमालिया आर्वानिती यांनी २०१२ मध्ये सहा भाषांत मुद्दाम अशीच वेगवेगळ्या घडणीची वाक्यं घेतली. आकडे वाक्यांबरोबर आणि बोलणाऱ्यांबरोबर हलले. माझ्या मते हा आक्षेप निर्णायक आहे. ही मापं निरुपयोगी नाहीत, पण ती भाषेचा स्वभाव सांगत नाहीत, समोरच्या ध्वनिमुद्रणाचा सांगतात.

तेव्हा मराठीच्या तालाचा आकडा कुणी पुढे केला, तर आधी एवढंच विचारा: कुठली वाक्यं, किती माणसं, आणि वाचून दाखवलं की गप्पा मारल्या?