धुके तिकडे, उशीर इकडे

पौष महिना लागला की हबीबगंजात घरोघरी एक प्रश्न ऐकू येतो. येथे तर लख्ख ऊन पडले आहे. मग दिल्लीकडचे टपाल अडले कोठे? बहुधा पोस्टमनवर ठपका येतो. त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नसतो.

हिवाळ्यात उत्तरेकडे पाऊस शिंपडून गेला की जमीन ओली राहते. रात्री आकाश निरभ्र व वारा पडलेला असेल, तर जमीन झपाट्याने निवते आणि तिच्यालगतच्या हवेतील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात. हेच धुके. गंगा-यमुनेच्या मैदानात ते कधी दिवसचे दिवस हटत नाही. अशा वेळी आगगाडीच्या चालकास सिग्नल दिसत नाही. म्हणून सिग्नलच्या सुमारे २७० मीटर अलीकडे रुळांवर फटाके बांधतात. चाकाखाली ते फुटले की चालक सावध होतो. हल्ली इंजिनात सिग्नल जवळ आल्याची सूचना देणारे यंत्रही असते. तरीही गाडी हळूच हाकावी लागते.

आता हिशेब पाहा. गाडी चार तास उशिरा आली, तर पत्रही चारच तास उशिरा मिळावे, असे वाटते. पण तसे होत नाही. थैली येईपर्यंत सकाळची छाननी आटोपलेली असते, पोस्टमन फेरीस निघालेला असतो. चार तासांचा एक दिवस होतो; मध्ये रविवार आला तर दोन.

टपाल ही मुळातच हातोहात चालणारी साखळी आहे. अरबीत टपालास आजही 'बरीद' म्हणतात, आणि खलिफांच्या काळी टप्प्याटप्प्यावर स्वार बदलीत ते चाले. चौदाव्या शतकात इब्न बतूता हिंदुस्थानात आला, तेव्हा महंमद तुघलकाची डाक पाहून तो चकित झाला. दर तिसऱ्या हिश्श्याच्या मैलावर धावपटू तयार असत. एका हातात पत्र, दुसऱ्या हातात तांब्याच्या घुंगरांची काठी. घुंगरे ऐकू आली की पुढचा कंबर कसून उभा राही. घोड्यांच्या डाकेहून ही पायडाक वेगवान होती, असे तो सांगतो. सुलतान दौलताबादेस असता त्याच्या पिण्यासाठी गंगेचे पाणीही चाळीस दिवसांच्या वाटेवरून असेच नेत!

साखळी तुटली की काय होते, याचे उदाहरण आपल्या शेजारीच घडले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतचा संग्राम झाला. नानासाहेब पेशवे मदतीस निघून भेलशापर्यंत, म्हणजे आजच्या विदिशेपर्यंत, आले होते. अब्दालीने वाटा रोखल्याने भाऊसाहेबांची पत्रे केव्हाच बंद पडली होती. २४ जानेवारीस एका सावकारी कासिदाजवळचे पत्र हाती लागले. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या सांकेतिक हिशेबात त्यात सर्वनाश लिहिलेला होता. तेव्हाही कडाक्याची थंडी होती. पण थंडीतून कासिद धावू शकतो, तुटलेल्या वाटेवरून नाही.

तारखेचा शिक्का ही प्रथा तर उशिराच्या तक्रारींतूनच जन्मली. पत्रे वाटेत रेंगाळतात अशी ओरड इंग्लंडात झाली, तेव्हा टपालप्रमुख हेन्री बिशप यांनी १६६१ साली पत्रावर दिवस व महिना उमटविण्यास आरंभ केला. पत्र कोठे किती थांबले, हे त्यावरून ताडता येऊ लागले.

आम्हां शिक्षकांस या शिक्क्याची किंमत विशेष. परीक्षेचे व शिष्यवृत्तीचे कित्येक अर्ज नेमके याच दिवसांत जातात, आणि एखाद्या मुलाचे वर्ष एका दिवसावर अडते. म्हणून आपल्या न्यासाच्या कार्यालयास विनंती, की डिसेंबर-जानेवारीत मुदत टळल्यावर एखादा अर्ज हाती पडल्यास लखोटा फाडून टाकू नये. त्यावरील रवानगीची तारीख आधी वाचावी. शाई पुसट असल्यास अर्जदाराकडून टपालकचेरीची पावती मागवावी. आणि पालकांनी ती पावती निकाल लागेपर्यंत जपून ठेवावी.