वेबसाईटवर शहर कोणतं टाकायचं? पुण्याच्या नादात जवळचं गिऱ्हाईक सोडू नका

फ्रिज-एसी दुरुस्ती, बोअरची मोटर, पाण्याचा आरओ, सीसीटीव्ही. गावाकडं राहून असा सेवेचा धंदा करणारे अनेकजण आता स्वतःची वेबसाईट काढतात. बनवणारा विचारतो, "शहर कोणतं टाकू?" आणि पटकन उत्तर जातं, "पुणे टाका, तिथं गिऱ्हाईक जास्त." बरेच पैसे इथंच पाण्यात जातात.

एक उदाहरण घेऊ. समजा, सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत तुमचं फ्रिज-एसी दुरुस्तीचं काम आहे. कुर्डुवाडी साधारण २० किलोमीटर, पंढरपूर ४५ च्या आसपास, सोलापूर ९० आणि पुणे दीडशेच्या पुढं. मग वेबसाईटवर नाव कोणाचं?

गुगल काय बघतं?

एखाद्यानं मोबाईलवर "एसी दुरुस्ती" असं शोधलं की नकाशासोबत जवळच्या दुकानांची नावं येतात. ती ठरवताना गुगल मुख्यतः तीन गोष्टी बघतं. तुमचं काम त्याच्या शोधाशी जुळतं का, तुम्ही त्याच्यापासून किती लांब आहात आणि तुमचं नाव किती लोकांना माहीत आहे. रिव्ह्यू या तिसऱ्या गोष्टीत मोडतात.

आता पुण्यातल्या हडपसरच्या माणसानं शोधलं, तर त्याच्या आसपास कितीतरी दुकानं आहेत. त्यांना सोडून टेंभुर्णीचा माणूस वर येणं अवघडच. आणि चुकून फोन आलाच, तर तुम्ही जाणार कधी?

गुगलचा नियमही हेच सांगतो. गुगल बिझनेस प्रोफाईलमध्ये सेवा देण्याची गावं जास्तीत जास्त २० टाकता येतात. त्यातलं लांबचं ठिकाण तुमच्या जागेपासून गाडीनं साधारण दोन तासांच्या आत असावं, अशी त्यांची सूचना आहे. टेंभुर्णीहून पुणे त्यात बसत नाही.

आधी पेट्रोलचा हिशोब

मोटारसायकल लिटरला ४५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर, असं धरा. कुर्डुवाडीला जाऊन-येऊन शंभराच्या आत पेट्रोल लागतं. पंढरपूरला २१० रुपये. सोलापूरला ४२० रुपये, शिवाय अर्धा दिवस मोडतो. तपासणीचे ३०० रुपये घेत असाल, तर सोलापूरची फेरी खिशातून करावी लागते. मोठं काम असेल तरच परवडतं.

एसी लावल्यावर काम संपत नाही, हेही लक्षात घ्या. तक्रार आली की पुन्हा जावं लागतं. लांबच्या गिऱ्हाईकाकडं वेळेत पोचला नाहीत, तर रिव्ह्यू खराब पडतो. तो मग जवळच्या गिऱ्हाईकालाही दिसतो.

जिल्ह्याची हद्द बघू नका, रस्ता बघा

"आपला जिल्हा सोलापूर, मग सोलापूरच टाकू," असंही अनेकांना वाटतं. पण टेंभुर्णीहून पुणे जिल्ह्यातलं इंदापूर सोलापूरपेक्षा कितीतरी जवळ आहे. गिऱ्हाईक जिल्हा बघून बोलावत नाही, लवकर कोण येईल ते बघतं.

तालुक्याचं गाव आणि बाजाराचं गाव एकच असतं, असंही नाही. तालुका माढा, पण लोकांची ये-जा कुर्डुवाडी आणि टेंभुर्णीला जास्त. लोक कामाला जातात त्या गावाचं नाव घालून शोधतात. म्हणून वाडी-वस्तीत राहत असाल, तर बाजाराचं गाव मुख्य धरा.

ठरवायचं कसं?

१) कामाची वही काढा. मागच्या सहा महिन्यांत कोणत्या गावातून किती कामं आली आणि प्रवास वजा जाता हातात काय उरलं, ते लिहा.

२) बोलावल्यावर त्याच दिवशी पोचता येईल अशीच गावं ठेवा.

३) नकाशात प्रत्येक गावचं नाव घालून तुमचं काम शोधा. किती दुकानं आहेत, रिव्ह्यू किती आहेत, ते बघा. काम आहे पण दुकानं कमी, असं गाव सापडलं तर ते सोडू नका.

या हिशोबानं आपल्या उदाहरणात मुख्य नाव टेंभुर्णी. सोबत कुर्डुवाडी, अकलूज, इंदापूर. पंढरपूरचं पान वेगळं करता येईल, कारण तिथलं काम वेगळं आहे. लॉज आणि भक्तनिवासांना आषाढी-कार्तिकीच्या आधी एसी, कूलर तयार हवे असतात. वारीच्या गर्दीत गाडी आत नेणं कठीण, म्हणून काम आधीच उरकावं लागतं. हे सगळं त्या पानावर लिहा, केलेल्या कामाचे खरे फोटो टाका.

या चुका टाळा

तोच मजकूर ठेवून फक्त गावाचं नाव बदललेली पन्नास पानं काढू नका. गुगल याला फसवणुकीचा प्रकार मानतं आणि अशी पानं शोधातून खाली जाऊ शकतात.

पुण्यातल्या पाहुण्याचा पत्ता टाकून खोटं दुकान दाखवू नका. प्रोफाईल बंद होऊ शकतं, आणि त्यासोबत जमवलेले रिव्ह्यूही दिसेनासे होतात. दुकान नसेल आणि घरूनच काम करत असाल, तर पत्ता लपवून फक्त सेवेची गावं दाखवायची सोय आहे.

"पहिल्या नंबरवर आणून देतो" अशी हमी देणाऱ्याला पैसे देऊ नका. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, असं गुगल स्वतः सांगतं.

नावांकडंही लक्ष द्या. कुर्डुवाडीचं इंग्रजी स्पेलिंग कोणी डब्ल्यूनं लिहितं, कोणी व्हीनं. उस्मानाबादचं २०२३ मध्ये धाराशिव झालं, तरी जुन्या नावानं शोधणारे आहेत. बार्शीकडं काम करणाऱ्यांनी दोन्ही नावं मजकुरात एकदा तरी घ्यावीत.

वेबसाईट आधीच पुण्याच्या नावानं काढली असेल, तर नवी करायची गरज नाही. बनवणाऱ्याला सांगून पानाचं शीर्षक आणि वरच्या दोन ओळी बदलून घ्या: "फ्रिज-एसी दुरुस्ती, टेंभुर्णी. कुर्डुवाडी, अकलूज, इंदापूर परिसरात त्याच दिवशी सेवा." मग पुढच्या प्रत्येक फोनला विचारा, "कुठून बोलताय?" उत्तर वहीत लिहा आणि सहा महिन्यांनी गावांची यादी पुन्हा तपासा.