मकरवृत्तापलीकडचा मुक्काम

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागात जून महिना लागला की थंडी पडते, दिवस आखूड होतात, आणि त्याच सुमारास मेलबर्न, ॲडलेड, कॅनबेरा या शहरांतून व आसपासच्या लहान गावांतून निवृत्त जोडपी मोटारीमागे कॅरव्हॅन जोडून उत्तरेची वाट धरतात. कॅरव्हॅन म्हणजे स्वतःचे इंजिन नसलेले, चाकांवरचे घर. त्यात पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, पाण्याच्या टाक्या, बहुधा न्हाणी आणि शौचकूपही असते, आणि ते ओढण्याचे काम पुढच्या दणकट मोटारीला करावे लागते. अशा प्रवाशांना तेथे ‘ग्रे नोमॅड’, म्हणजे पिकल्या केसांचे भटके, असे म्हणतात. १९९७ च्या एका माहितीपटानंतर हे नाव विशेष प्रचारात आले. त्यांच्यापैकी अनेकांचा ओढा क्वीन्सलँड राज्याच्या उष्णकटिबंधीय किनाऱ्याकडे असतो. एका बाजूला प्रवाळांचा समुद्र, दुसऱ्या बाजूला पावसाळी अरण्याने झाकलेले डोंगर आणि मधल्या सपाटीवर उसाची शेते असा हा प्रदेश आहे.

या भटकंतीमागचे अर्थकारण साधे आहे. नोकरदारांच्या निवृत्तिनिधीत मालकाने भर घालण्याची सक्ती ऑस्ट्रेलियात १९९२ पासून लागू झाली. त्याखेरीज, ज्यांची मालमत्ता व उत्पन्न ठरावीक मर्यादेत आहे त्यांना ६७ व्या वर्षापासून सरकारी निवृत्तिवेतन मिळते आणि देशात कुठेही मुक्काम असला तरी ते खात्यावर जमा होत राहते. काही जोडपी राहते घर त्या काळापुरते भाड्याने देतात, काही जण ते विकून टाकतात आणि नातेवाइकांचा पत्ता टपालासाठी वापरतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे जीवन निर्बंध वाटते, आणि कॅरव्हॅनच्या जाहिराती तो समज जोपासतात. प्रत्यक्षात मात्र ऋतू, वजन, पाणी आणि जोडीदार या चार गोष्टींचा हिशेब जुळल्याखेरीज ही मोकळीक एक आठवडाही टिकत नाही.

ऋतूचा हिशेब सर्वांत आधी येतो. ब्रिस्बेनपासून केर्न्सपर्यंत सुमारे १,६८० किलोमीटर जाणारा ब्रूस महामार्ग रॉकहॅम्प्टन शहरापाशी मकरवृत्त ओलांडतो, आणि तेथून पुढे वर्षाचे चार ऋतू उरत नाहीत. मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ आणि नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाचा, अशी सरळ विभागणी होते. जुलैत मेलबर्नचे दुपारचे तापमान १४ अंशांच्या आसपास घोटाळत असताना केर्न्समध्ये ते २६ अंशांपर्यंत जाते. उलट पावसाच्या महिन्यांत हाच किनारा चक्रीवादळांच्या टप्प्यात येतो. मार्च २००६ मध्ये ‘लॅरी’ने इनिसफेल गावाच्या परिसरातील केळीच्या बागा आडव्या केल्या आणि देशभर केळी महागली, फेब्रुवारी २०११ मध्ये ‘यासी’ मिशन बीचजवळ किनाऱ्यावर चढले, डिसेंबर २०२३ मध्ये ‘जॅस्पर’मागून आलेल्या पावसाने केर्न्सच्या उत्तरेला पूर आणला. पत्रा आणि प्लायवुडचे घर घेऊन या काळात तिथे थांबणे शहाणपणाचे नसल्याने ऑक्टोबर सरेपर्यंत बहुतेक कॅरव्हॅन दक्षिणेकडे वळलेल्या असतात.

कोरडा काळ हा शब्दही या किनाऱ्यावर जपून घ्यावा लागतो. प्रवाळसमुद्रावरून आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे, म्हणजे एकाच दिशेने सातत्याने वाहणारे वारे, जिथे डोंगरांना समोरून भिडतात तिथे वर्षभर पाऊस पडतो. मराठी वाचकाला सह्याद्री आणि कोकण यांचे नाते ठाऊक असते. तेच नाते इथे आरशातल्यासारखे उलटे आहे, कारण वारा पूर्वेकडून येतो, भिजतो तो पूर्वकिनारा आणि डोंगरापलीकडे पश्चिमेला पाऊस झपाट्याने कमी होतो. टली या गावात वर्षाला सरासरी सुमारे चार मीटर पाऊस पडतो, आणि १९५० साली पडलेल्या ७.९ मीटर पावसाची आठवण म्हणून गावाने तेवढ्याच उंचीचा एक सोनेरी गमबूट उभारला आहे. तिथून दोनेकशे किलोमीटर दक्षिणेला असलेल्या टाउन्सव्हिलला मात्र किनारा वाऱ्याच्या दिशेला समांतर जातो, त्यामुळे ढग अडत नाहीत आणि पाऊस टलीच्या जेमतेम पावपटीपर्यंत उतरतो. टलीत चार दिवस ओल्या टॉवेलांशी झुंजलेली जोडपी टाउन्सव्हिलकडे का सरकतात, याचे उत्तर किनाऱ्याच्या या वळणात आहे.

वजनाचा विषय नवख्यांना कंटाळवाणा वाटतो, पण सगळ्या प्रवासाची भिस्त त्यावर असते. प्रत्येक कॅरव्हॅनला दोन वजने ठरवून दिलेली असतात: कारखान्यातून रिकामी बाहेर पडतानाचे, आणि सामानासह ज्याच्या वर जाणे बेकायदा ठरते ते कमाल. समजा, पहिले २,३०० किलो आणि दुसरे २,८०० किलो असेल, तर हातात ५०० किलो उरतात. दोन टाक्यांतले १९० लिटर पाणी म्हणजे १९० किलो तिथेच गेले. मग गॅसचे दोन सिलिंडर, जादा बॅटरी, खुर्च्या, टेबल, डब्यांतला शिधा, कपडे, अवजारांची पेटी आणि ‘लागलं तर असू दे’ म्हणून घेतलेल्या असंख्य वस्तू यांनी उरलेली जागा केव्हा भरते ते कळतही नाही. शिवाय वजन किती आहे याइतकेच ते कुठे आहे यालाही महत्त्व असते. मोटारीच्या मागे असलेल्या लोखंडी गोळ्यावर, म्हणजे टो-बॉलवर, कॅरव्हॅनच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पडावा असा संकेत आहे. जड सामान शेपटीकडे गेले की हा भार हलका होतो आणि कॅरव्हॅन डावीउजवीकडे झोकांड्या खाऊ लागते. शेजारून सुमारे २६ मीटर लांबीचा, दोन जोडट्रेलरांचा ट्रक वेगाने गेला की त्याच्या हवेचा धक्काही त्याला पुरतो. अशा वेळी मोटारीचा ब्रेक दाबण्याची स्वाभाविक इच्छा घातक ठरते. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढून, डॅशबोर्डजवळच्या कळीने केवळ कॅरव्हॅनचे विजेवर चालणारे ब्रेक लावले, तर मागचे घर ताणले जाऊन पुन्हा रेषेत येते. ट्रकचालकांशी बोलण्यासाठी पुष्कळ जण मोटारीत रेडिओसंच बसवतात. महामार्गावर ट्रकवाल्यांचे बोलणे ४० क्रमांकाच्या वाहिनीवर चालते आणि कॅरव्हॅनवाल्यांचे आपसातले १८ वर.

वाटही वजन पाहूनच निवडावी लागते. गॉर्डनव्हेलहून ॲथर्टनच्या पठारावर चढणारा गिलीज रस्ता सुमारे १९ किलोमीटरांत २६३ वळणे घेतो, त्यामुळे पठारावरची ज्वालामुखीच्या विवरांत साठलेली ईचम व बॅरीन ही तळी किंवा मिला मिलाचा धबधबा पाहू इच्छिणारे लोक इनिसफेलकडून जाणारा सौम्य चढाचा रस्ता धरतात. उत्तरेला डेनट्री नदी तारेवर ओढल्या जाणाऱ्या तराफ्यातून ओलांडावी लागते, पलीकडे सार्वजनिक वीजजाळे नाही, आणि केप ट्रिब्युलेशननंतर डांबर संपते. जेम्स कुकचे जहाज १७७० च्या जून महिन्यात याच परिसरातील प्रवाळावर आदळले आणि त्याने या भूशिराला संकटाचे नाव दिले. कॅरव्हॅन घेऊन त्यापुढच्या कच्च्या वाटेवर शिरणाऱ्याला ते समर्पक वाटेल. हे अरण्य १९८८ पासून आणि समोरची प्रवाळरांग १९८१ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, तर अरण्याची मालकी २०२१ साली ईस्टर्न कुकू यलांजी या मूळ रहिवाशांकडे परत आली, आणि राष्ट्रीय उद्यानाचा कारभार आता ते राज्य सरकारच्या जोडीने पाहतात.

या किनाऱ्याचे खरे पीक ऊस आहे, आणि त्याचा गाळप हंगाम जून ते डिसेंबर असा असल्यामुळे पाहुणे आणि कारखाने एकाच वेळी सुरू होतात. शेतांतून कारखान्यांपर्यंत दोन फूट रुंदीच्या रुळांवरून छोट्या आगगाड्या ऊस वाहून नेतात. त्या महामार्ग ओलांडताना लाल दिवे लुकलुकतात आणि दोन्ही बाजूंना कॅरव्हॅनची रांग लागते. बर्डेकिन नदीच्या खोऱ्यात तोडणीपूर्वी पाचट जाळण्याची पद्धत अजून आहे, त्यामुळे संध्याकाळी आकाशात ज्वाळा दिसतात आणि सकाळी वाळत घातलेल्या चादरींवर काजळी सापडते. महाराष्ट्रात उसाच्या हंगामात जोडपी स्थलांतर करतात ती तोडणीच्या मजुरीसाठी. क्वीन्सलँडमध्ये तोडणी केव्हाच यंत्रांकडे गेली आणि हंगामी जोडपी आता खुर्ची टाकून ती पाहतात, हा विरोध मराठी वाचकाला बोचल्याशिवाय राहणार नाही. अर्थात तेथील उसालाही मजुरांचा इतिहास आहेच. १८६३ ते १९०४ या काळात पॅसिफिकमधील बेटांवरून सुमारे ६२,००० माणसे, पुष्कळदा फसवून किंवा पळवून, या शेतांवर आणली गेली, आणि पुढे १९०१ च्या कायद्यान्वये त्यांतील बहुतेकांची परत पाठवणी झाली. मकायच्या परिसरात त्यांचे वंशज आजही राहतात. माहितीपत्रकांत मात्र साखरेचे संग्रहालय आधी येते आणि ही माणसे नंतर, तीही आली तर.

आंब्याचा धागा मात्र थेट भारताशी जुळतो. बोवेन गावाच्या नावाने ओळखला जाणारा, अधिकृतपणे केन्सिंग्टन प्राइड म्हटला जाणारा आंबा १८८० च्या दशकात, भारतात लष्करासाठी घोडे नेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या जहाजांतून तेथे पोहोचला असे मानतात. तो नोव्हेंबर-डिसेंबरात पिकतो, म्हणजे नेमका पाहुणे परतल्यावर. त्यामुळे महामार्गालगत उभ्या असलेल्या अवाढव्य कृत्रिम आंब्यापाशी छायाचित्र काढण्यावर त्यांना समाधान मानावे लागते.

समुद्र दिसतो तितका मोकळा नाही. नोव्हेंबर ते मे या महिन्यांत उथळ पाण्यात पेटी जेलीफिश आणि नखाएवढी इरुकांजी येतात. त्यांच्या तंतूंचा दंश प्राणघातक ठरू शकतो, म्हणून किनाऱ्यावरच्या खांबांवर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. व्हिनेगरने वेदना थांबत नाही, पण कातडीला चिकटलेल्या तंतूंतील न फुटलेल्या विषपेशी निकामी होतात. हिवाळी पाहुण्यांची या संकटातून बहुतांशी सुटका होते, मगरींतून मात्र नाही, कारण खाऱ्या पाण्यातली मगर बारा महिने खाड्यांत असते. मुक्काम पाण्याच्या काठापासून किमान ५० मीटर दूर आणि भरतीच्या रेषेपासून दोन मीटर उंच असावा, मासे काठावर साफ करू नयेत, रोज एकाच जागी पाणी भरायला जाऊ नये, असे सरकारी फलक सांगतात. मिशन बीचच्या झाडीत राहणारा कॅसोवरी हा माणसाएवढा उंच, उडता न येणारा पक्षी आता दुर्मिळ झाला आहे. त्याला केळ्याची साल टाकणारा प्रवासी त्याला रस्त्याच्या कडेला यायला शिकवतो, आणि तिथेच तो मोटारीखाली येतो.

मुक्कामाच्या जागा दोन प्रकारच्या असतात. कॅरव्हॅन पार्कमध्ये भाडे देऊन वीज, पाणी, धुलाईयंत्र आणि गरम पाण्याची न्हाणी मिळते. महामार्गालगतच्या विश्रांतिस्थळांवर किंवा गावच्या प्रदर्शन मैदानावर फुकट अथवा नाममात्र शुल्कात थांबता येते, पण तिथे सौर तावदान, बॅटरी आणि टाकीतले पाणी यांवर भागवावे लागते, आणि वातानुकूलन यंत्र सहसा बंदच राहते. उष्ण-दमट हवेत कपाटातल्या चामडी चपलांवर आठवड्यात बुरशी येते, गॅसवर चालणारा फ्रिज दुपारी थकतो, खारफुटीजवळ संध्याकाळी बारीक चिलटे फोडून काढतात. शौचकूपाखालची सुमारे वीस लिटरची पेटी दर दोन-तीन दिवसांनी ठरावीक ठिकाणी नेऊन रिकामी करावी लागते, आणि हे काम कोणी करायचे हा प्रश्न जोडप्यागणिक एकदाच सुटतो.

तेथील बोलीत या वाटणीला गुलाबी कामे आणि निळी कामे म्हणतात: घरातली तिची, बाहेरची त्याची. चाळीस वर्षांच्या नोकरीत जी जोडपी दिवसातले दहा तास एकमेकांपासून दूर होती, त्यांना सात मीटरांच्या खोलीत एकत्र राहायचे असते, आणि त्याची खरी कसोटी संध्याकाळी जागेवर कॅरव्हॅन मागे घेताना लागते. मागे घेताना मोटारीचे चाक उलट्या दिशेला फिरवावे लागते, चालवणाऱ्याला मागचे दिसत नाही, आणि मागे उभी असलेली पत्नी ‘डावीकडे’ म्हणते तेव्हा ती कुणाची डावी बाजू, यावरून सुरू झालेले संभाषण शेजारचे प्रवासी चहाचा कप हातात घेऊन ऐकत असतात. अनुभवी जोडपी ओरडणे सोडून खुणा किंवा हातातले रेडिओसंच वापरतात.

निळ्या-गुलाबी वाटणीतला धोका उशिरा लक्षात येतो. गाडी ओढून नेणारा बहुधा पुरुषच असतो, आणि घरापासून तीन हजार किलोमीटरांवर त्याला हृदयविकाराचा झटका आला तर पत्नीपुढे रुग्णालयाबरोबरच पावणेतीन टनांचे घर हा दुसरा प्रश्न उभा राहतो. त्यामुळे दोघांसाठी मिळून असलेले कॅरव्हॅन ओढण्याचे प्रशिक्षणवर्ग तेथे भरतात, आणि ते निघण्यापूर्वीच करावेत असा जाणत्यांचा आग्रह असतो. क्वीन्सलँडमध्ये ७५ वर्षांनंतर वाहन चालवण्यासाठी वैद्यकीय दाखला जवळ बाळगावा लागतो; तो मिळेनासा झाला, किंवा मिळूनही मन धजेना, की कॅरव्हॅन विकली जाते आणि काही जोडपी त्याच पार्कातली लाकडी खोली दोन महिन्यांसाठी भाड्याने घेतात. मेलबर्नहून केर्न्सला विमान साडेतीन तासांत पोहोचते, आणि वजनाचा प्रश्न तेव्हा सामानाच्या बॅगेपुरता उरतो.