टर्बो गेला, की नुसता पाइप निघाला?

वीकेण्डला ताडोबाला निघालात. जामचा चौक मागे पडला, वरोऱ्याकडे रस्ता मोकळा मिळाला, तुम्ही ॲक्सिलरेटर दाबलात आणि बॉनेटखालून कुणीतरी शिट्टी मारली. काल तर नव्हती ही! गाणी बंद, एसी बंद, काचा खाली. पुन्हा दाबलं, पुन्हा शिट्टी. मागच्या सीटवरच्या एक्स्पर्ट मित्राचं निदान तयारच असतं, ‘टर्बो गेला रे तुझा!’ मूड तिथेच खलास. परफॉर्मन्स गाडीचा अख्खा टर्बो बदलायचा तर बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं, आणि गाडीचे हप्ते अजून चालू असतात.

पण जरा थांबा. टर्बोच्या बाजूने आवाज येतोय म्हणजे टर्बोच मेला असं नाही.

हे दुखणं आता हौशी श्रीमंतांचं राहिलेलं नाही, बरं का. स्कोडाने २००४ मध्ये भारतात ऑक्टाव्हिया आरएस आणली तेव्हा तिच्या १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाचे दीडशे हॉर्सपॉवर ऐकून पोरं वेडी झाली होती. २०२२ मध्ये चाकणहून आलेल्या व्हर्टस जीटीने तेवढीच ताकद १.५ लिटरमध्ये दिली. मधल्या काळात पोलो जीटी टीएसआय आली, आय-ट्वेंटी एन लाइन आली. ऑफिसच्या पार्किंगमधल्या कितीतरी गाड्यांत आज टर्बो आहे.

टर्बोचं काम तसं सोपं. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो, तेही ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. एका बाजूला ९०० अंशांच्या पुढचा धूर, दुसऱ्या बाजूला साधी हवा. ऑइल आणि हवा, दोन्ही स्वच्छ हवीत. आणि चंद्रपूर-गडचिरोलीत घोडं नेमकं इथेच अडतं. घुग्घुस-राजुऱ्याकडे कोळशाची काळी धूळ, सुरजागडच्या खनिजाचे ट्रक धावतात तिकडे लाल. वर मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ ला टेकलेला.

आता कान द्या. आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो, हे महत्त्वाचं. जोर दिल्यावर ‘फुस्स’ होतं आणि पिकअपही गळपटतो? मग टर्बोपासून इंटरकूलरमार्गे इंजिनाकडे जाणारा एखादा होज पाइप निघालाय, फाटलाय किंवा त्याचा क्लॅम्प ढिला झालाय, अशी दाट शक्यता. हे काम हजारांतलं, कधी शेकड्यांतलंही. सकाळी थंड इंजिनला टिकटिक येते आणि गाडी तापली की गायब? एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट किंवा तिचा नटबोल्ट पाहा. ॲक्सिलरेटर सोडताना घुंगरू वाजल्यासारखी खळखळ येत असेल, तर जास्तीचा धूर बाहेर सोडणारी वेस्टगेटची झडप सैल झालेली असू शकते. फोक्सवॅगन-स्कोडाच्या टीएसआय इंजिनांत ही खळखळ जगभरच्या मालकांना ठाऊक आहे. काही इंजिनांत नुसती स्प्रिंगची क्लिप लावून ती थांबते.

भ्यायचं ते सायरनला. लांबून ॲम्ब्युलन्स यावी तसा आवाज, इंजिनच्या वेगाबरोबर चढणारा, दिवसागणिक मोठा होणारा. म्हणजे दांड्याचं बेअरिंग झिजून चक्राची पाती घराला घासत असावीत. जोडीला निळा धूर आणि घटणारं ऑइल असेल तर गाडी अजिबात पळवू नका. तुटलेलं पातं आत गेलं तर इंजिनही जाईल.

मिस्त्रीकडे पोचलात की एवढं करायला लावा. इंजिन थंड असताना हवेचा पाइप काढून चक्र बोटाने फिरवायचं. किंचित वर-खाली हललं तर घाबरू नका, ऑइलच्या थरासाठी तेवढी फट मुद्दाम ठेवलेली असते. आत-बाहेर सरकणं मात्र बोटाला जाणवता कामा नये. पात्यांच्या कडा खरवडल्यात का, घरावर घासल्याच्या खुणा आहेत का, तेही बघायचं. पाइपमध्ये ऑइलचा हलका ओलावा चालतो. ऑइल साचलं असेल तर गडबड. तरीही लगेच टर्बोवर आळ नको. चोंदलेला एअर फिल्टर किंवा तुंबलेला ऑइल रिटर्न पाइपही टर्बोतून ऑइल बाहेर काढतो. स्कॅनरवर ‘पी ०२९९’ आला, तर त्याचा अर्थ हवेचा दाब हवा तेवढा बनत नाहीये, एवढाच. तो का बनत नाही, हे कोड सांगत नाही. तेवढ्यावर ‘भाऊ, टर्बोच टाकावा लागेल’ म्हणणाऱ्याला आधी पाइपच्या सांध्यांची स्मोक टेस्ट करायला सांगा. (पंक्चरवाल्याकडे जोराची हवा मारून कागदी फिल्टर ‘साफ’ करून घेता ना? तो फाटतो, आणि पुढची सगळी धूळ पात्यांवर.)

पण आवाज वर्कशॉपच्या दारात येत नाही, ही खरी पंचाईत. पद्मापूर नाक्यापुढे मोहर्लीचा रस्ता बफरमधून जातो. तिथे बॉनेट उघडून वाकून बघण्याची हौस नको. वाघ तुमचं वॉरंटी कार्ड विचारणार नाही. आलापल्ली ते सिरोंचा सुमारे शंभर किलोमीटर बहुतेक जंगल, आणि मोबाइलला रेंज सगळीकडे नाही. अशा वेळी दिवे वाचा. ऑइलचा लाल दिवा लागला की गाडी बाजूला, इंजिन तिथल्या तिथे बंद, मग रस्ता कुठलाही असो. तेव्हा गाडीतच बसून मदत मागवा. इंजिनचा पिवळा दिवा स्थिर, पिकअप कमी आणि नुसतं ‘फुस्स’, एवढंच असेल तर दोन हजार आरपीएमच्या आत, हलक्या पायाने पुढचं गाव गाठता येतं. डिझेलवाल्यांनी एक जास्तीचं लक्षात ठेवावं. टर्बोतून ऑइल आत गेलं तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळत सुटतं, चावी काढली तरी थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाकायचा, क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पाडायचं.

हायवेवर दामटलेली गाडी रिसॉर्टच्या दारात खटकन बंद करू नका, मिनिटभर तशीच चालू द्या. बंद केल्यावरही पंखा किंवा पंप घरघरत राहिला तर ती बिघाडाची खूण नाही, तो टर्बो थंड करतोय. आणि गंमत बघा, दुसऱ्या दिवशी ज्या जिप्सीतून तुम्ही वाघ बघायला जाता, त्या मारुती जिप्सीला टर्बोच नाही.

एवढं करूनही टर्बो खरोखरच गेला असेल, तर नवा बसवण्याआधी जुना का गेला ते मिस्त्रीकडून कारणासकट ऐका. ऑइलचा फीड पाइप काजळीने चोंदलेला तसाच ठेवला, इंटरकूलरमधलं जुनं ऑइल आणि पात्यांचा चुरा काढलाच नाही, तर नवाही त्याच वाटेने जातो. बिलात फीड पाइप, गॅस्केट, ऑइल, फिल्टर वेगवेगळे लिहून घ्या. आणि जुना टर्बो डिकीत टाकून घरी आणा.